सारखे दिसले म्हणून सगोत्र होत नाही

व्हॅटिकन म्हणजे वाटिका, ख्रिश्चॅनिटी म्हणजे कृष्णनीती, रोम म्हणजे राम. मराठी वाचकाला ही समीकरणे नवी नाहीत. पु. ना. ओकांनी अशी समीकरणे पुस्तकांतून हिरिरीने मांडली, आणि आता ती मोबाइलवरच्या संदेशांतून रोज घरोघरी येतात. ओक २००७ मध्ये गेले. समीकरणांची यादी मात्र वाढतेच आहे. ती पुढे करणाऱ्यांचा युक्तिवाद एका वाक्यात मावतो : दोन शब्द इतके सारखे आहेत, म्हणजे त्यांचे मूळ एकच असणार, आणि ते संस्कृतच असणार.

या युक्तिवादाचा पहिला अर्धा भागच टिकत नाही. तो कोसळला की दुसऱ्याला उभे राहायला जागा उरत नाही. संस्कृत थोर आहे की नाही, हा इथे वादाचा विषयच नाही. उलट ज्याला संस्कृतबद्दल खरी आस्था आहे, त्याने ही पद्धत सर्वांत आधी टाकून द्यायला हवी, कारण ती आपल्या पदरात खोटे नातलग घालते आणि खरे नातलग दारातून परत पाठवते. युरोपच्या भाषांमध्ये दोन्हींचे पुरावे आहेत. तिथे दोन हजार वर्षांहून अधिक काळाचे लिखित साहित्य सलग हाताशी असल्यामुळे कोणता शब्द कुठून आला, हे बऱ्याचदा पावलापावलाने तपासता येते.

सर्वांत भुरळ घालणाऱ्या जोडीपासून सुरुवात करू. लॅटिनमध्ये ‘जवळ असणे, बाळगणे’ या अर्थाचे क्रियापद आहे ‘हाबेरे’. जर्मनमध्ये त्याच अर्थाचे क्रियापद आहे ‘हाबेन’. अर्थ तोच, अक्षरे जवळजवळ तीच, आणि दोन्ही भाषा एकाच इंडो-युरोपीय कुळातल्या. यापेक्षा भक्कम पुरावा कोणता, असे कोणालाही वाटेल. तरीही हे दोन शब्द एकमेकांचे कोणी लागत नाहीत.

कारण असे. लॅटिनमध्ये जिथे ‘क’ आहे, तिथे जर्मन गटातल्या भाषांत शब्दारंभी ‘ह’ येतो. लॅटिन ‘कोर्नू’ म्हणजे शिंग, जर्मनमध्ये ‘होर्न’. लॅटिन ‘कानिस’ म्हणजे कुत्रा, जर्मनमध्ये ‘हुंड’. लॅटिन ‘केंटुम’ म्हणजे शंभर, जर्मनमध्ये ‘हुंडर्ट’. तेव्हा ‘हाबेन’चा लॅटिन भाऊबंद ‘क’ने सुरू व्हायला हवा, आणि तो तसा आहेही : ‘कापेरे’, म्हणजे पकडणे, हाती घेणे. मधल्या ‘प’च्या जागी ‘ब’ आला आहे तोही लहरीने नव्हे. लॅटिन ‘सेप्तेम’ म्हणजे सात, आणि जर्मन सात म्हणजे ‘झीबेन’. तिथेही हेच घडले आहे. आता उलट बाजू पाहा. लॅटिनच्या ‘ह’समोर जर्मनमध्ये ‘ग’ येतो. लॅटिन ‘होर्तुस’ म्हणजे बाग, जर्मनमध्ये ‘गार्टेन’. लॅटिन ‘होस्तिस’ म्हणजे आधी परका आणि पुढे शत्रू, जर्मनमध्ये ‘गास्ट’ म्हणजे पाहुणा. त्या हिशेबाने ‘हाबेरे’चा जर्मन नातलग ‘गेबेन’, म्हणजे देणे, असे अभ्यासक मानतात. कानाला जी जोडी एक वाटली ती दोन वेगळ्या घरांतली निघाली, आणि ज्यांना कानाने कधीच जवळ आणले नसते ते भाऊ निघाले.

यांतले मुख्य नियम डेन्मार्कच्या रास्मुस रास्कने १८१८ मध्ये दाखवले आणि जर्मनीच्या याकोब ग्रिमने १८२२ मध्ये त्यांची पद्धतशीर मांडणी केली. लोककथा गोळा करणाऱ्या दोन ग्रिम बंधूंपैकीच हा थोरला. त्यांच्या कामाचा गाभा मराठी वाचकाला परका वाटू नये. हस्त–हात, सप्त–सात, अष्ट–आठ, कर्ण–कान, कर्म–काम ही ओळ आपण शाळेपासून जाणतो. जोडाक्षर सुटते आणि आधीचा स्वर दीर्घ होतो. एका शब्दात नव्हे, शब्दांच्या रांगेत तोच बदल दिसतो. म्हणून ‘हात’ हा ‘हस्त’पासून आला, असे आपण खात्रीने म्हणतो. भाषेतला ध्वनी बदलतो तेव्हा तो एकाच शब्दात शिस्त पाळत नाही, सगळीकडे पाळतो. नात्याचा पुरावा म्हणजे ही शिस्त. साम्य हा पुरावा नव्हे.

यातून एक निष्कर्ष निघतो आणि तो कान लावून शब्द जुळवणाऱ्यांना सर्वांत अडचणीचा आहे. हजारो वर्षे वेगळ्या राहिलेल्या दोन भाषांतले शब्द हुबेहूब सारखे दिसत असतील, तर ते साम्य अनेकदा नात्याच्या विरुद्धच साक्ष देते. खरा नातलग इतक्या काळात बदललेला असायला हवा.

इंग्रजी ‘डे’ आणि लॅटिन ‘दिएस’ ही जोडी घ्या. दोन्हींचा अर्थ दिवस. पण लॅटिन ‘द’समोर इंग्रजीत ‘ट’ यायला हवा : ‘दुओ’–‘टू’, ‘देकेम’–‘टेन’, ‘देन्स’–‘टूथ’. आपल्याकडचे द्वि, दश, दंत त्याच रांगेतले. तेव्हा ‘ड’ने सुरू होणारा ‘डे’ हा ‘दिएस’चा नातलग असू शकत नाही. ‘दिएस’चा, म्हणजेच आपल्या दिवस आणि देव या शब्दांचाही इंग्रजी नातलग ‘ट’ने सुरू होणाराच हवा. तो आहे ट्यूजडेमध्ये. ट्यूजडे म्हणजे टिव या जुन्या जर्मन देवाचा दिवस, आणि टिव हे नाव ‘देव’ याच मुळातून आले आहे. एकाच शब्दाचा पहिला अर्धा भाग आपला सगोत्र आहे; दुसरा, जो सगोत्र वाटतो, तो नाही.

ग्रीक ‘थेओस’ आणि लॅटिन ‘देउस’, दोन्हींचा अर्थ देव, यांचेही तेच. लॅटिन ‘देउस’ हा आपल्या ‘देव’चा भाऊ आहे आणि ग्रीकांचा झ्यूसही त्याच घरातला. ‘थेओस’ मात्र नाही. ग्रीक ‘थ’समोर लॅटिनमध्ये ‘फ’ आणि संस्कृतात ‘ध’ येतो : ग्रीक ‘थुमोस’, लॅटिन ‘फूमुस’, संस्कृत ‘धूम’. त्यामुळे ‘थेओस’चे लॅटिन नातलग देवळाला म्हणतात त्या ‘फानुम’मध्ये आणि सणाला म्हणतात त्या ‘फेस्तुम’मध्ये सापडतात.

उरलेल्या कित्येक जोड्या निव्वळ योगायोगाच्या आहेत. माणसाच्या तोंडून निघणारे ध्वनी मोजके, प्रत्येक भाषेतले शब्द हजारो. काही शब्द एकमेकांवर आदळणारच. स्पॅनिश ‘मुचो’ आणि इंग्रजी ‘मच’, दोन्हींचा अर्थ ‘पुष्कळ’. ‘मुचो’ लॅटिन ‘मुल्तुस’पासून आला, ‘मच’ हा जुन्या इंग्रजी ‘मिचेल’पासून, आणि तो ग्रीक ‘मेगास’ व आपल्या ‘महा’ यांच्या कुळातला. हंगेरियनमध्ये घराला ‘हाझ’ म्हणतात, जर्मनमध्ये ‘हाउस’. तरी ‘हाझ’चा खरा नातलग फिनिश भाषेतला ‘कोता’ हा शब्द आहे, ज्याचा अर्थ झोपडी. बदनाम, बदफैली या मराठी शब्दांतला ‘बद’ फारसीतून आला आणि अर्थाने तो इंग्रजी ‘बॅड’च आहे, पण मध्ययुगापूर्वीच्या फारसीत तो ‘वद’ होता. जितके मागे जावे तितके हे शब्द एकमेकांपासून दूर जातात. खऱ्या नात्यात याच्या नेमके उलट घडते.

स्थलनामांत तर या चुकांना ऊतच येतो, कारण नावाला अर्थाचा लगाम नसतो. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात गॅलिशिया आहे, सांतियागो दे कोंपोस्तेलाचे तीर्थक्षेत्र असलेला प्रांत. पोलंड आणि युक्रेन यांच्या सीमेवरही एक गॅलिशिया होता. १७७२ मध्ये पोलंडची पहिली फाळणी झाली तेव्हा ऑस्ट्रियाने तो मुलूख घेतला आणि ल्वीव हे त्याचे मुख्य ठाणे झाले. स्पेनमधले नाव रोमनांनी ज्यांना ‘गाल्लाएकी’ म्हटले त्या लोकांवरून पडले. पूर्वेचे नाव नीस्टर नदीकाठच्या हालिच या गावाच्या नावाचे लॅटिन रूप आहे. आयबेरिया हे नाव स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पाला आहे, आणि प्राचीन ग्रीक-रोमन लेखकांनी कॉकेशस पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या, आजच्या पूर्व जॉर्जियातल्या राज्यालाही तेच नाव दिले होते. जॉर्जियन लोक स्वतःच्या देशाला साकार्तवेलो म्हणतात. तसेच अल्बेनियाचे : एक बाल्कनमध्ये, जिथले लोक स्वतःच्या देशाला श्किपेरी म्हणतात, दुसरा प्राचीन काळी आजच्या अझरबैजानच्या भागात. दोन आयबेरियांचा आधार घेऊन बास्क आणि जॉर्जियन भाषांना बहिणी ठरवण्याचे प्रयत्न कैक पिढ्या झाले. ध्वनींच्या जुळणीची शिस्त मात्र कोणालाही दाखवता आली नाही, आणि बास्क आजही एकटीच उभी आहे.

एक नाव मुद्दाम जवळून पाहू, कारण त्यात आपल्या वादाचे सगळे दुवे आहेत. आजच्या फ्रान्सच्या भूमीला ज्यूलियस सीझर ‘गाल्लिया’ म्हणत असे. फ्रेंच भाषा लॅटिनपासून निघाली आणि त्या प्राचीन देशाला फ्रेंचमध्ये ‘गोल’ म्हणतात. भूमी तीच, अर्थ तोच, भाषाही आई-लेकीच्या. तेव्हा ‘गोल’ हा शब्द ‘गाल्लिया’पासूनच आला, याबद्दल शंका घ्यावीशीही वाटणार नाही. पण नियम लावून पाहा. लॅटिन शब्दाच्या आरंभीचा ‘गा’ फ्रेंचमध्ये ‘झ’ होतो : ‘गाउदिउम’ म्हणजे आनंद, त्याचे ‘झ्वा’, ‘गांबा’ म्हणजे पाय, त्याचे ‘झांब’. ‘गाल्लिया’चा ‘ग’ टिकायला नको होता. मग फ्रेंचमध्ये शब्दारंभी असा ‘ग’ कुठून येतो? जर्मन भाषांच्या ‘व’मधून. विल्हेल्मचा ‘गियोम’ होतो. युद्धाला फ्रेंचमध्ये ‘गेर’ म्हणतात, तो जर्मन ‘वेरा’ या शब्दातून आला आणि इंग्रजी ‘वॉर’ त्याच्याच घरातला. तेव्हा ‘गोल’चे मूळ ‘व’ने सुरू होणारे जर्मन नाव असले पाहिजे. ते आहे ‘वाल्ह’. ‘वाल्ह’ म्हणजे परका, आपली भाषा न बोलणारा. जर्मन टोळ्यांनी आधी केल्टिक आणि मग लॅटिन बोलणाऱ्या शेजाऱ्यांना दिलेले हे नाव.

या ‘वाल्ह’चा गोतावळा केवढा आहे! ब्रिटनमधला वेल्स, बेल्जियममधला वालोनिया, कॉर्नवॉलमधला ‘वॉल’, अक्रोडाला इंग्रजीत म्हणतात त्या वॉलनटमधला ‘वॉल’, आणि डॅन्यूबकाठचा वालाकिया हे सगळे एकाच मुळाचे. कानाने जोडलेली ‘गाल्लिया–गोल’ ही जोडी तुटली, आणि वेल्सपासून डॅन्यूबपर्यंत पसरलेले एक सबंध कुटुंब नियमाने एकत्र आणले.

आता प्रतिपक्षाचे दोन आक्षेप घेऊ. पहिला असा : संस्कृत आणि युरोपीय भाषा नातलग आहेत हे तर विल्यम जोन्सनेच १७८६ मध्ये कलकत्त्यात सांगितले, मग आम्ही संस्कृत मुळे शोधली तर बिघडले कुठे? बिघडते ते असे, की जोन्सला भाषांचे नाते दिसले ते धातू आणि व्याकरणाची रूपे यांतल्या साम्यावरून, सुटी नावे जुळवून नव्हे. शिवाय संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एका अशा मुळातून निघाल्या असाव्यात, जे कदाचित आता उरलेलेही नाही, असे त्याने म्हटले. बहीण असणे आणि आई असणे यांत फरक आहे. जोन्सच्या वाक्याचा पहिला भाग घ्यायचा आणि दुसरा गाळायचा, हे प्रामाणिकपणाचे नाही.

दुसरा आक्षेप अधिक भावनेचा आहे : हे नियम गोऱ्यांनी केलेले, आमचे मोठेपण झाकण्यासाठी. त्याला उत्तर इतिहासच देतो. शब्द जुळवून स्वतःला जगाचे मूळ ठरवण्याचा उद्योग युरोपानेही मनसोक्त केला. अँटवर्पचा वैद्य गोरोपियस बेकानस याने १५६९ च्या ग्रंथात आपल्या गावची ब्राबांट बोलीच आदमची भाषा ठरवली आणि आदम या नावाचीही त्या बोलीतून फोड केली. पुढे लायब्निट्सने अशा व्युत्पत्तींना त्याच्याच नावावरून शब्द बनवला, आणि तो स्तुतीचा नव्हता. हंगेरीत सरदार-जमीनदार स्वतःला अटिलाच्या हूणांचे वंशज मानत. हंगेरी या नावातला ‘ह’ही हूणांशी घोटाळा होऊन चिकटला, मूळ नाव ओनोगुर या तुर्की टोळीसंघाचे. शुक्राचे सूर्यावरील अधिक्रमण पाहायला १७६९ मध्ये नॉर्वेच्या उत्तर टोकाला गेलेल्या यानोश शायनोविच या हंगेरियन जेझुइटाने तिथल्या सामी लोकांची भाषा अभ्यासली आणि १७७० मध्ये सिद्ध केले की ती हंगेरियनची नातलग आहे. मायदेशी त्याच्यावर टीकेची झोड उठली. मासे मारून जगणाऱ्यांचे नाते अनेकांना अपमानाचे वाटले. पण हंगेरियन ‘हाल’ आणि फिनिश ‘काला’ म्हणजे मासा, ‘हारोम’ आणि ‘कोल्मे’ म्हणजे तीन; ‘ह’ आणि ‘क’ यांची ही रांग सरदारांच्या रागाने मोडली नाही. नियमांनी युरोपचा अहंकारही तितक्याच निष्ठुरपणे उतरवला आहे.

आणि हे शास्त्र परके कसे? ध्वनींचे स्थान आणि प्रयत्न यांचा इतका बारकाईने विचार प्राचीन जगात प्रातिशाख्ये या वेदांच्या उच्चारशास्त्राच्या ग्रंथांनी आणि पाणिनीने केला, तसा दुसऱ्या कोणी केलेला नाही. फ्रान्झ बोपचा १८१६ चा तौलनिक ग्रंथ संस्कृत क्रियापदांवर उभा आहे. आधुनिक भाषाविज्ञानाचा पाया घालणाऱ्या सोस्यूरचा प्रबंध संस्कृतातल्या षष्ठी विभक्तीच्या प्रयोगावर आहे. मुंबईत १८७७ मध्ये डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी विल्सन व्याख्यानमालेत संस्कृत ते प्राकृत आणि प्राकृत ते देशी भाषा हा प्रवास याच शिस्तीने उलगडला. १९४६ चा कृ. पां. कुलकर्णींचा ‘मराठी व्युत्पत्तिकोश’ त्याच परंपरेतला. पाणिनीचा अभिमान सांगायचा आणि ध्वनिनियमांना गोऱ्यांचे म्हणून झिडकारायचे, हे पाणिनीलाच नाकारणे आहे.

आता कानाने आपण काय गमावतो ते पाहा. कृष्ण हा शब्द ख्रिस्तात शोधणाऱ्यांना तिथे काहीच सापडणार नाही. ‘ख्रिस्तोस’ म्हणजे अभिषेक झालेला, हिब्रूतल्या ‘मशीहा’ या शब्दाचे ते ग्रीक भाषांतर. व्हॅटिकन हे तर रोममधल्या टेकडीचे नाव, पोपच काय पण ख्रिस्ती धर्मही नव्हता तेव्हापासूनचे. पण काळा या अर्थाच्या ‘कृष्ण’ शब्दाचे खरे भाऊबंद युरोपात आहेत : जुन्या प्रशियन भाषेतला ‘किर्स्नान’, रशियन ‘चोर्नी’, सर्बियन ‘त्स्र्न’. सर्बियनमधला डोंगर म्हणजे ‘गोरा’, आणि तो आपल्या ‘गिरि’चा भाऊ, मराठीतल्या गोऱ्या रंगाशी त्याचा संबंध नाही. ज्या देशाला जग माँटेनेग्रो म्हणते त्याचे स्वतःचे नाव ‘त्स्र्ना गोरा’ आहे. शब्दाला शब्द लावला तर ते ‘कृष्णगिरी’ होते, आणि दोन्ही घटक सगोत्र आहेत. ओकांची पद्धत इथवर कधीच पोचू शकली नसती, कारण ‘त्स्र्ना गोरा’ कानाला कृष्णगिरीसारखे लागत नाही.

सर्वांत मोठी किंमत तर माणसांनी मोजली आहे. युरोपातले रोमा लोक आणि रोमानिया हा देश यांची नावे इतकी सारखी, की रोमा म्हणजे रोमानियाचेच, अशी समजूत युरोपभर आहे. रोमानियाचे नाव ‘रोमानुस’, म्हणजे रोमन, यावरून आले. ‘रोम’ हे रोमा माणसाचे नाव मात्र भारतातल्या ‘डोम’ या जातिनामापासून आले. जुन्या भारतीय ‘ड’च्या जागी रोमानी भाषेत ‘र’ आला आहे : अंडे म्हणजे तिथे ‘आन्रो’, भाकरीला म्हणतात ‘मान्रो’, आणि हा ‘मान्रो’ आपल्या मांड्यांचाच भाऊ. त्याच शिस्तीने डोमचा रोम झाला. आर्मेनियात तोच लोम झाला आणि पश्चिम आशियात डोमच राहिला. पाण्याला ते ‘पानी’ म्हणतात, कानाला ‘कान’, भावाला ‘फ्राल’. मित्र या अर्थाचा इंग्रजी ‘पॅल’ हा याच ‘फ्राल’पासून आला. हे भारतीय मूळ १७८२ मध्ये योहान रुडिगर या जर्मन अभ्यासकाने भाषेच्या तुलनेवरून दाखवले, तेव्हा इंग्रज त्यांना इजिप्तचे समजून जिप्सी म्हणत होते. वालाकिया आणि मोल्डाविया या संस्थानांत, म्हणजे पुढच्या रोमानियात, हे लोक १८५६ पर्यंत गुलाम होते. आणि २०१० मध्ये त्याच देशात, नावांचा घोटाळा टळावा म्हणून, ‘रोम’ऐवजी ‘त्सिगान’ हा त्यांना अपमानास्पद वाटणारा शब्द सरकारी व्हावा असे विधेयक आले. २०११ मध्ये सिनेटने ते फेटाळले. दोन नावांच्या निव्वळ योगायोगापायी एका समाजावर स्वतःचे नाव गमावण्याची वेळ आली होती. आपले कानाचे समर्थक या ‘रोम’ शब्दालाही इटलीच्या रोमशी आणि तिथून रामाशीच जोडतील, आणि भारतातून गेलेल्या या माणसांचे खरे नाते पुसून टाकतील.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. परदेशी नावात संस्कृत दिसले, असे सांगणाऱ्याकडे तीन गोष्टी मागा. ध्वनी ज्या प्रकारे बदलला म्हणता, त्याच प्रकारे तो बदललेले आणखी तीन शब्द दाखवा. त्या शब्दाचे सर्वांत जुने लिखित रूप दाखवा. आणि शब्द त्या देशात कोणत्या लोकांबरोबर गेला ते सांगा. हे तिन्ही मिळाले तर व्युत्पत्ती आनंदाने स्वीकारा, मग ती आपल्या अभिमानाला रुचो वा न रुचो. यांतले एकही मिळाले नाही, तर तो संदेश पुढे पाठवू नका.